ढिगाकडे पाठ

तुलाराम काकाजींनी पासबुक टेबलावर उघडून ठेवलं, शेवटच्या ओळीवर बोट टेकलं आणि विचारलं, "हे पैसे कोणाचे आहेत, विनोद?"

आवाज चढा नव्हता. पोस्टात जाऊन एखाद्या पत्राची चौकशी करावी तशी चौकशी होती. पण विनोद गजभियेच्या पोटाशी, बेंबीच्या जरा वर, काहीतरी ओलं आणि जिवंत फडफडलं, आणि त्याचा हात नकळत शर्टाच्या बटणांकडे गेला. डिसेंबरातली सकाळ, अकराचा सुमार. भंडाऱ्यात मोठ्या रस्त्याला लागून, औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. खाली ‘कर सल्लागार’ अशी पाटी, वर दोन खोल्या; बाहेरच्या खोलीत टायपिंग करणारी दीपमाला, आतल्या खोलीत तो स्वतः, कॉम्प्युटर, आणि काचेच्या टेबलापलीकडे दोन खुर्च्या. एरवी त्या खुर्च्यांत धानाच्या गिरण्यांचे मालक ऐसपैस बसत. आज तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक वाळका माणूस बसला होता, खुर्चीच्या कडेवर, उठून जायला तयार असल्यासारखा. मोहाडीच्या खासगी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, दोनदा जिल्हा परिषदेत निवडून आलेला आणि दोनदा आमदारकीला सपाटून पडलेला समाजवादी पुढारी. सगळा मुलूख त्यांना गुरुजी म्हणे. विनोद लहानपणापासून काकाजी म्हणत आला होता. बोटाखालच्या ओळीवर आयकर खात्याचं नाव होतं आणि पुढे आकडा: नऊ हजार तीनशे साठ. परतावा.

"डिपार्टमेंटचा हिशोब असते, काकाजी," विनोद म्हणाला. "पेन्शनीतून कधी जास्त कापून घेतात, मंग वापस करतात. तुमचेच पैसे आहेत."

"माह्येच?"

"तुमचेच."

काकाजींनी मान हलवली. खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, चष्मा न काढताच पुन्हा मिटलं. "पाहून सांग बरं नीट. मले घाई नाही."

खोटं तोंडातून इतकं सहज निघून गेलं की विनोदला स्वतःचंच नवल वाटलं. खोट्याचं नव्हे, त्याच्या धंद्यात ते पानाला चुना लागावा तसं लागतंच. नवल याचं, की ते या माणसासमोर निघालं. तो कॉम्प्युटरकडे वळला आणि काकाजींचं विवरणपत्र उघडून वाचत असल्यासारखं करू लागला. वाचायची गरज नव्हती. त्यात काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं, कारण जुलैत त्यानेच ते आपल्या हाताने भरलं होतं. एका धर्मादाय संस्थेला नव्वद हजारांची देणगी. काकाजींनी अशी देणगी कधी दिली नव्हती. त्या संस्थेचं नाव त्यांच्या कानावरूनही गेलं नसेल. ती संस्था पावत्या फाडण्यासाठीच जन्माला आली होती. तुम्ही चेक द्यायचा, तिने थोडे पैसे ठेवून बाकीचे नगदी परत करायचे, आणि पावती दाखवून कर वाचवायचा, असा तिचा परोपकार. धनराजसारखे गिरणीवाले तिच्या पावत्या मिठाईच्या डब्यासारख्या मागून घेत. काकाजींच्या बाबतीत तर चेकही गेला नव्हता. नुसता एक पावतीचा नंबर. आणि हे सगळं विनोदने केलं होतं ते, कोणाला सांगितलं तर हसतील, प्रेमापोटी. कारण काकाजी पेन्शनीतलं अर्धंअधिक वाटून टाकतात हे त्याला ठाऊक होतं. नाकाडोंगरीच्या शकुनबाईचा नवरा मॅंगनीजच्या खाणीत वारला, तिच्या पोरीच्या नर्सिंगची फी कोण भरतं? काकाजी. त्याची पावती कोण देणार? शकुनबाई? म्हणजे देणगी खरी, पावती तेवढी खोटी, असं जुलैतल्या त्या दुपारी त्याला वाटलं होतं, आणि वाटता वाटता त्याचे डोळे भरून आले होते. आपल्याच लबाडीवर आपणच गहिवरायचं, हे काही सगळ्यांना जमत नाही. विनोदला जमलं होतं. घरी जाऊन त्याने रंजूला सांगितलंही होतं, आज काकाजीचं थोडं काम करून देलं म्हणून. आणि बायको म्हणाली होती, एवढं तर करायलेच पाहिजे, त्यायनंच तुमाले उभं केलं.

उभं केलं हे खरंच होतं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या एकदोन वर्षांतलं विनोदला सगळं आठवत होतं, तो तेव्हा दहा-अकराचा. बाप बाबुलाल दिवसा गिरणीत हमाली करायचा आणि संध्याकाळी काकाजींच्या सभांचा भोंगा वाहायचा. सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी, हॅंडलला भोंगा, दांडीवर विनोद. अंगाचा कोंडा झटकत बाप पायडल मारायचा आणि वाटेत सभेची तालीम केल्यासारखा काकाजींचीच वाक्यं म्हणायचा. सभा म्हणजे पंचवीस-तीस माणसं, दोन म्हशी आणि पिंपळाखालचा एक बल्ब. काकाजी उभे राहायचे आणि खिशातून साबणाची वडी काढायचे. बाकीचे पुढारी खिशातून यादी काढत, आश्वासनांची. हा माणूस साबण काढायचा. "या वडीवर सरकारचा कर आहे," ते म्हणायचे. "हा बाबुलाल. पोते वाहते, अंगाले कोंडा लागते, महिन्याच्या दोन वड्या घेते. गिरणीचा मालक पंख्याखाली बसते, तोही दोनच घेते. दोघायचा कर सारखा. आता मले सांगा, सारखा म्हणजे बरोबर काय?" माणसं क्षणभर गप्प व्हायची. विनोदला तो क्षण फार आवडायचा. इतक्या माणसांना एकदम विचार करताना त्याने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं, शाळेतही नाही. मग कोणीतरी मागून म्हणायचं, "नाही जी, बरोबर नाही." आणि काकाजी वडी पुन्हा खिशात ठेवायचे, कारण ती घरी वापरायची असायची.

शिव्या मात्र ते कोणाला देत नसत, हे विनोदला तेव्हाही विचित्र वाटे. इतर सभांमध्ये मालकांना शिव्या असत आणि शिव्यांना टाळ्या. काकाजी म्हणायचे, "मालकाले शिव्या कायले देता? त्यानं गिरणी काढली म्हणून बाबुलालले काम आहे. एक काय, दोन काढू द्या. पण त्याचे पोते ज्या रस्त्यानं जाते तो रस्ता, त्याचा मुनीम ज्या शाळेत शिकला ती शाळा, त्याचा हमाल ज्या दवाखान्यात बरा झाला तो दवाखाना, हे सारं साऱ्यायच्या ढिगातून आलं. ज्याचं जाळं मोठं त्यानं ढिगात जास्त टाकाव. हे दान नाही आणि दंडही नाही. हा त्याचा वाटा आहे." फुकट वाटण्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. साड्या वाटणाऱ्या पुढाऱ्याबद्दल ते एवढंच म्हणायचे की साडी विटते, नळाला पाणी आलं तर ते नातवालाही येतं. आणि निवडणुकीत तर कमालच केली. पहिल्याच सभेत उभे राहून सांगितलं, "मी निवडून आलो त कर वाढवीन. पक्क्या घरावर, गोदामावर. पहिले माह्या घरावर, ते पक्कं आहे. कुडाच्या घराले माफ." खाली बसलेल्या बाबुलालने कपाळाला हात लावला होता. परत येताना तो काकुळतीला येऊन म्हणाला, "गुरुजी, हे निवडणुकीनंतर सांगा नं जी." काकाजी हसले. "नंतर सांगितलं त ते चोरी होते, बाबुलाल. आता सांगितलं त धोरण." डिपॉझिट गेलं. गिरणीवाल्यांनी फटाके फोडले, आणि कुडाच्या घरांतल्या माणसांनीही आपापसांत चुकचुकत मतं दुसरीकडेच टाकली होती, हे काय लपून राहिलं होतं? काकाजी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. सातवीच्या वर्गावर त्यांनी सरळव्याज शिकवलं.

पुढे विनोद बारावी झाला तेव्हा काकाजींनीच त्याला कॉमर्सला घातलं. फी भरली. "कर शिक," म्हणाले. "आपल्या पोरायनं करच शिकाव. कायदा वाचता येत नाही म्हणून आपुन डुबतो." त्याने हे ऑफिस उघडलं त्या दिवशी गिरणीवाल्यांच्या आधी, बापाच्याही आधी, काकाजी जिना चढून आले होते, हातात पेन्शनीच्या कागदांची पिशवी. "पहिली फाइल माही," म्हणाले. ती फाइल अजून कपाटात सगळ्यात वर होती, तिच्यावर ‘एक’ असं लिहिलेलं. विनोदने मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून कपाटाकडे पाहिलं. पोटाशी पुन्हा फडफड झाली.

"सापडलं?" काकाजींनी विचारलं.

"पाहून राहिलो."

"पाहा, पाहा. रविवारी सिहोऱ्याले सभा आहे, म्हणून आलो. पोट्टे म्हणतात, गुरुजी, करावर बोला, आजकाल त्याच्यावर कोणी बोलतच नाही. आता या वयात दुसऱ्यांदा बोलावतील का नाही, कोणाले माहीत. शेवटचीच समज." ते थोडं थांबले. पासबुकावरचं बोट त्यांनी अजून उचललं नव्हतं. "पण हे पैसे माह्ये नसतील त मले बोलता नाही येणार, विनोद. हे खिशात ठेवून कोणत्या तोंडानं उभा राहू? म्हणून पहिले तुले विचारतो. तू म्हणशील माह्ये, त माह्ये. तुह्यावर माहा भरवसा आहे."

म्हणजे आता सगळं विनोदच्या जिभेवर आलं होतं. पुन्हा एकदा ‘तुमचेच’ म्हटलं की काकाजी उठतील, पासबुक खिशात ठेवतील आणि रविवारी सिहोऱ्याच्या लोकांसमोर साबणाची वडी काढून उभे राहतील, खिशात लबाडीचा परतावा घेऊन, आणि त्यांना पत्ताही नसेल. चाळीस वर्षांचं एक स्वच्छ बोलणं, आणि ते डागाळलं, तेही बाबुलाल हमालाच्या पोराने. नाही म्हटलं, तर मग का नाही, कोणी केलं, कधी केलं, हे सांगावं लागेल; आणि काकाजी पहिली फाइल पिशवीत घालून जिना उतरतील, न रागावता. ते रागावणार नाहीत, हेच अवघड होतं. टेबलावर विनोदचा फोन थरथरू लागला. धनराज. त्याला यंदाची पावती लवकर हवी होती, दोनदा सांगून झालं होतं. फोन काचेवर गोल फिरत सरकत राहिला आणि विनोद त्याच्याकडे बघत राहिला, उचलायला हात झाला नाही. शेवटी तो आपोआप थांबला. 

अशीच थरथर त्याने एकदा पोटाशी धरून ठेवली होती, ती या काकाजींच्याच गावी. सिहोऱ्याच्या पलीकडे धिवरांचं, मासेमारांचं, ते लहानसं गाव, आणि गावाच्या अंगाला तलाव. काकाजींचं घराणं त्याच तलावावर जगलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळं गाव एका दिवशी तलावात उतरायचं, आणि विनोद अकराचा असताना काकाजींनी बाबुलालला आणि विनोदला मुद्दाम नेलं होतं. बाप पाण्यात उतरला, विनोदला मात्र काकाजींनी पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसवलं, पाहा म्हणाले, पाहून घे. ऊन असं की डोळे बारीक करावे लागत. माणसं, बाया, म्हातारे कमरेइतक्या गढूळ पाण्यात, आणि मासोळी उसळली की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज. दुपारी पाळीवर ढीग लागला. ज्याचं मोठं जाळं, चौघांनी ओढायचं, त्याने आपल्यातलं जवळपास अर्धं ढिगात टाकलं. ज्याचं हातातलं लहान जाळं, त्याने ओंजळभर. ज्याने नुसत्या हाताने चिखलात चाचपून काही धरलं, त्याच्याकडून काही नाही. आणि ढीग वाटला गेला तो पाण्यात न उतरलेल्यांमध्ये: विधवा सुमनबाईला, पाय मोडलेल्या इश्वरला, बाळंतिणीला, आणि थोडं तलावात मासोळीचं बी सोडण्यासाठी बाजूला. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. काकाजींचं सगळं अर्थशास्त्र त्या पाळीवरचं होतं, पुस्तकं त्यांनी नंतर वाचली, असं पुढे कॉलेजात असताना विनोदच्या लक्षात आलं आणि तो त्या दिवशी लायब्ररीतच हसला होता.

पण वाटणीच्या आधी एक गोष्ट झाली. गावातला सगळ्यात म्हातारा धिवर परसराम उठला आणि ओरडला, "पाठी करा!" आणि सगळ्यांनी ढिगाकडे पाठ केली. पोरांनीसुद्धा. दोन-तीनशे माणसं तलावाकडे तोंड करून उभी राहिली, बोलणं बंद, फक्त पाण्यावरचे पक्षी. बापाने विनोदला खांदा धरून फिरवलं आणि कानात सांगितलं की कोणी धोतरात, पदरात मासोळी लपवली असेल तर आता त्यानं गुपचूप जाऊन ढिगावर ठेवायची. कोणी पाहात नाही. नंतर कोणी विचारत नाही. विनोदच्या मागे कुठेतरी चिखलातून पावलं वाजली, थप असा आवाज आला, पावलं परत गेली. मग आणखी एकदा. आणि विनोदच्या सदऱ्याच्या आत, पोटाला चिकटून, एक मरळ होती. पाळीच्या कडेला जाळ्यातून निसटून पडलेली, कोणी न पाहिलेली, हातभर नसेल पण त्याच्या हाताला मोठी. मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. ती शांत राहायची, आता मेली असं वाटायचं, आणि मग एकदम पोटावर शेपटी मारायची. त्याला जायचं होतं. पाय उचलायचाच होता. पण पाहुण्याचं पोर ढिगाकडे गेलं तर बापाची मान खाली जाईल, असं त्याला वाटलं, किंवा असं वाटलं म्हणून तो नंतर स्वतःला सांगत आला. म्हाताऱ्याने "झालं" म्हटलं. सगळे वळले. तोही वळला, पोट आत ओढून.

घरी आईने, मंगलाबाईने, विचारलं, "कोणी देली?" तो म्हणाला, "काकाजीनं." आईने चुलीवर रस्सा केला. आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हापासून त्या घरात रोज संध्याकाळी वंदना होत होती, आणि त्या संध्याकाळीही झाली. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, विनोदने डोळे मिटून सगळ्यांबरोबर म्हटलं आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला बसला. बाप बोटं चाटत म्हणाला, "गुरुजीचं मन मोठं." तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात, विनोदच्या देखत, त्याने हात जोडले, "मासोळी लय चांगली होती जी." काकाजींनी विनोदकडे पाहिलं नाही. "हो काय?" म्हणाले. "पुन्हा पाहिजे असन त सांगजो." म्हाताऱ्या माणसांच्या ध्यानात राहत नाही, कोणाला काय दिलं ते, असं विनोदने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. काकाजी त्या वेळी म्हातारे नव्हते. पंचावन्नचे होते, आणि वर्गातल्या साठ पोरांची नावं त्यांना बापाच्या नावासकट पाठ होती.

समोर काहीतरी खसफसलं. काकाजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक चौघडी केलेला कागद काढला होता. तो त्यांनी पासबुकाशेजारी ठेवला, उलटा, छापलेली बाजू खाली. मग एक पाकीट, जाडसर. मग आपला लहानसा बटणांचा फोन. सगळं एका ओळीत, शाळेत परीक्षेआधी पट्टी-पेन्सिल मांडावी तसं.

"हे काय, काकाजी?"

"गावातल्या सेंटरवर खुशबू बसते नं, ते पोरगी. तिनं काढून देलं. माह्या नावानं भरलेला फारम." त्यांनी कागदावर तळहात ठेवला. "पाकिटात ते पैसे आहेत, काल काढून आणले. आणि फोनावर नंबराचा निरोप येते म्हणे, दुरुस्त करायचं असलं त. साल संपेपर्यंत दुरुस्त करता येते असं ते म्हणत होती. खरं काय?"

"खरं आहे," विनोद म्हणाला.  कागद पातळ होता. उलट्या बाजूनेही ठळक अक्षरं अंधूक दिसत होती, आणि नव्वद हजाराचा आकडा आरशात दिसावा तसा उलटा. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. जिना चढायच्या आधी वाचलं होतं. ‘हे पैसे कोणाचे’ हा प्रश्न त्यांनी उत्तर ठाऊक असताना विचारला होता, आणि ‘तुमचेच’ हे दोनदा ऐकून घेतलं होतं, आणि वर म्हणाले होते की भरवसा आहे. लाज विनोदच्या कानशिलांपर्यंत चढली. आता हा माणूस कागद उलटा करील आणि त्या ओळीवर बोट ठेवील. ठेवू दे. एकदाचं ठेवू दे.

काकाजींनी कागद उलटा केला नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून ते हळूच उठले, गुडघे सांभाळत खोलीतल्या एकुलत्या खिडकीपाशी गेले आणि गजांना धरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. विनोदकडे पाठ करून. सदरा पाठीवर इस्त्रीचा, कॉलरशी विरलेला. खाली धानाच्या पोत्यांचा ट्रक अडकला होता आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

"ट्रॅफिक लय वाढली," ते म्हणाले. "मी पाहातो थोडा वेळ."

 पाळीवरचं ते ऊन एकदम विनोदच्या डोळ्यांवर आलं, तो शांतपणा, आणि मागे चिखलातून जाणारी कोणाची तरी पावलं. त्या वेळी जाणाऱ्याला कसं वाटत असेल हा विचार त्याने कधी केला नव्हता. तो नेहमी न गेलेल्याच्या बाजूनेच विचार करत आला होता. त्याने काकाजींचं विवरणपत्र उघडलं, या वेळी खरोखर. देणगीची ओळ सापडली. ती पुसायला एक क्षणही लागला नाही. परताव्याचे पैसे व्याजासकट आपल्या खात्यातून भरले, दुरुस्तीचं विवरणपत्र तयार झालं. टेबलावरचा लहान फोन टुणकन वाजला, सहा आकड्यांचा नंबर आला, त्याने तो घातला. एक आकडा चुकला, पुन्हा घातला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं, काकाजी," तो म्हणाला. आणि मग, थांबून, "तुमचे नव्हते ते पैसे. ती देणगी मी टाकली होती. मले वाटलं…"

"काय वाटलं ते नको सांगू," खिडकीतून आवाज आला. "ठेवलं ना? बस."

पण ते वळले नाहीत. विनोदने वाट पाहिली. ट्रक निघून गेला, भोंगे थांबले, रस्ता मोकळा झाला, बघण्यासारखं खाली काही उरलं नाही. तरी ती वाळकी पाठ तशीच. बाहेरच्या खोलीत दीपमालाचं टायपिंग चालू होतं.

"काकाजी, बसा नं. पाय दुखतील."

"त्या दिवशी तलावावर," काकाजी रस्त्याकडेच पाहत म्हणाले, "सारे कमरेपर्यंत ओले होते. तू पाळीवर बसला होता. आणि तुहा सदरा पोटाशी ओला होता."

विनोदचा हात पुन्हा बटणांकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याने विचारलं, "मंग बोलले काहून नाही जी? इतके वर्षं?"

"पाठ केली होती नं. पाठ केलेल्यानं पाहिलं असलं तरी पाहिलं नसते. मले वाटलं, ठेवील कधी तरी. माणूस ठेवते. माणूस ठेवते याच भरवशावर तर कर मागतो मी लोकायले, नाही त पोलीस पुरले असते." ते जरा थांबले, पायावरचा भार बदलला. "अजून काही असलं त ठेवून घे, बाबू. मी उभा आहे. मले घाई नाही."

टेबलावर विनोदचा फोन पुन्हा थरथरू लागला. पडद्यावर धनराजचं नाव. त्याने फोन पालथा केला आणि तो गप्प होईपर्यंत त्यावर हात ठेवला. त्याच संस्थेच्या पावत्या त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रात तीन वर्षं होत्या. रंजूच्या नव्या फ्रिजात त्यातल्या एकीचे पैसे होते. धनराज जाईल, त्याच्या मागोमाग दुसरेही गिरणीवाले जातील, या दोन खोल्यांचं भाडंही जड होईल. हे सगळं त्याला स्पष्ट दिसलं, आणि पोटाशी नेहमीची ती फडफड होईल म्हणून तो क्षणभर थांबला. झाली नाही.

त्याने स्वतःचं नाव टाइप केलं आणि फाइल उघडली. खिडकीपाशी काकाजी गजांना धरून उभे होते. त्यांनी मान वळवली नव्हती.